सवयींचा रकाना

लिव्हरचा तुकडा काचेवर आणायचा तर चार दिवस लागतात. हे मी लोकांना सांगतो तेव्हा त्यांना वाटतं, हा माणूस उगाच कामाचा बडेजाव मिरवतोय. सुरीनं कापा, दुर्बिणीखाली धरा, झालं, अशी त्यांची समजूत. अहो, ओला तुकडा कापायला गेलं तर तो पातीखाली नुसता लडबडतो. आधी त्याला फॉर्मलीनमध्ये मुरवायचं, मग चढत्या ताकदीच्या स्पिरिटमधून एकेक करत नेऊन त्यातलं पाणी संपवायचं, मग ते स्पिरिट धुऊन काढणारं झायलॉल, मग वितळलेलं मेण. मेण थिजलं की त्याची वडी होते. ती यंत्राला लावून कांद्याच्या पापुद्र्याहून पातळ काप काढायचे, काचेवर घ्यायचे, निळा आणि गुलाबी रंग चढवायचा. एक काप फाटला की पुन्हा पहिल्यापासून. यंत्राच्या पात्याला मी स्वतः चामड्यावर घासून धार लावायचो, आणि त्या पात्याला दुसऱ्या कुणी हात लावलेला मला खपत नसे. त्यावरून मी एका कंपाउंडरशी दोन वर्षं बोलत नव्हतो.

बुलढाण्यातल्या एका ट्रस्टच्या दवाखान्यात मी एकोणतीस वर्षं हे काम केलं. दवाखाना आता बंद पडला आहे, त्याचं नाव घेण्यात अर्थ नाही. मी लागलो तेव्हा महाराष्ट्र राज्य नवंनवं होतं आणि मीही नवाच होतो. माझ्या पदाचं नाव लॅब टेक्निशियन, पण खेड्यातली माणसं मला रगतवाला म्हणायची. लघवी, थुंकी, रक्त, सगळं माझ्याच एका टेबलावर. लोक लघवी अत्तराच्या बाटलीत आणायचे, पितळी गडव्यात आणायचे, एकानं तर पूजेच्या तांब्यात आणली आणि काम झाल्यावर तांब्या परत मागितला. एका देशमुखांना आपली लघवी दुसऱ्याच्या हातात द्यायची लाज वाटली, म्हणून त्यांनी गड्याची पाठवली. तपासणी अगदी स्वच्छ आली. बरीच वर्षं मी हा किस्सा हसत हसत सांगायचो. पण त्या माणसाला खरोखरच साखरेचा आजार होता आणि पुढच्या उन्हाळ्यात त्याच्या पायाचा अंगठा काढावा लागला. तेव्हापासून मी तो किस्सा सांगणं बंद केलं.

लिव्हरच्या काचा मात्र मला आवडायच्या. चांगलं लिव्हर दुर्बिणीखाली एकसारख्या गुलाबी विटांच्या बांधकामासारखं दिसतं. त्यात चरबी साठली की जागोजागी गोल पांढरी भोकं दिसतात. चरबी स्पिरिटात आणि झायलॉलमध्ये विरघळून गेलेली असते, तिची रिकामी जागा तेवढी उरते. नुसती भोकं असली तर फारसं बिघडलेलं नसतं. पण कधी कधी त्या भोकांभोवती बारीक निळे ठिपके जमलेले दिसतात. त्या पांढऱ्या पेशी, शरीराचे पहारेकरी. ते जमले म्हणजे आत मारामारी सुरू झाली, आणि पुढेमागे लिव्हर दगडासारखं कडक होणार, एवढं आम्हाला शिकवलं होतं. आणखी एक शिकवलं होतं की असं चित्र दारू पिणाऱ्याचं असतं. मी तोवर अशा सहा-सात काचा केल्या होत्या. दारूबंदी कागदावर होती, घाटाखालून मोहाची दारू येत होती, आणि ते सहा-सातही जण नियमानं पिणारे निघाले होते. त्यामुळे माझा अगदी ठाम विश्वास बसला होता.

काच वाचून निदान करणारा डॉक्टर बुलढाण्यात नव्हता. आम्ही काचा लाकडी डबीत कापूस घालून नागपूरला टपालानं पाठवायचो, रिपोर्टबरोबर त्या परत यायच्या. सोबत एक छापील फॉर्म जायचा, रोग्याचं नाव, वय, तक्रार, ऑपरेशनमध्ये काय दिसलं, आणि सर्वांत शेवटी सवयी. तंबाखू, दारू वगैरे. आमच्या सर्जनांचं अक्षर त्यांना स्वतःलाही लागत नसे, म्हणून ते तोंडी सांगायचे आणि फॉर्म मी भरायचो. सवयींचा रकाना मी रोग्याला विचारून भरावा अशी रीत होती. सुरुवातीला मी विचारायचो. मग लक्षात आलं की पिणारा माणूस कधी हो म्हणत नाही. मग मी विचारणं सोडून दिलं, आणि ते सोडलं हे माझं मलाही कळलं नाही.

रामराव वस्ताद आमच्याकडे आले ते पित्ताशयातल्या खड्यांसाठी. गावातल्या जुन्या तालमीचे ते वस्ताद, वय पन्नाशीच्या आतबाहेर. तरुणपणी चार जिल्ह्यांत कुस्त्या मारलेल्या. मेहनत सुटली, खुराक सुटला नाही. दूध, तूप, बदाम चालूच. पोट सुटलं, लघवीत साखर आली. सर्जनांनी पोट उघडलं तर लिव्हर पिवळं आणि तुपकट दिसलं, म्हणून त्यांनी कडेचा नखाएवढा तुकडा काढून माझ्याकडे दिला. काच फार सुरेख झाली होती, हे मला आजही आठवतं. भोकंच भोकं, आणि भोवती निळ्या ठिपक्यांची गर्दी. मी दुर्बिणीतून डोळा काढला, फॉर्म ओढला आणि दारूपुढे लिहिलं, ‘होय, अनेक वर्षे.’ हे ‘अनेक वर्षे’ मी कुठून आणलं, देव जाणे.

त्यांच्या तालमीचा नियम मला माहीत नव्हता असंही नाही, गावात सगळ्यांनाच माहीत होता. संध्याकाळी मातीत उतरण्याआधी प्रत्येक पठ्ठ्यानं वस्तादांसमोर उभं राहायचं आणि त्यांच्या नाकासमोर तोंड उघडून श्वास सोडायचा. वास आला की त्यानं त्या मातीला पुन्हा हात लावायचा नाही. लाडका असो की चांगल्या घरचा असो, वस्तादांनी कुणाची गय केली नव्हती. मला वाटलं, बाहेर एवढी शिस्त आणि घरात हे चालू. खोटं कशाला सांगू, मला थोडी गंमतही वाटली.

नागपूरचा रिपोर्ट आला, ‘दिलेल्या माहितीशी सुसंगत. दारूमुळे लिव्हरला आलेली सूज.’ सर्जन राउंडला गेले आणि त्यांच्या नेहमीच्या मोठ्या आवाजात म्हणाले, वस्ताद, आता दारू सोडा, नाहीतर पाच वर्षंही काढणार नाही. खाटेच्या पायथ्याशी तालमीतले दोघे उभे होते. वस्तादांची बायको कौसल्याबाई उशाशी बसली होती. ती लगेच म्हणाली की यांनी जन्मात थेंब घेतलेला नाही, तुमचा कागद चुकला. सर्जन हसले आणि पुढच्या खाटेकडे गेले. बायका असं म्हणतातच, हे त्यांनाही माहीत होतं आणि मलाही.

टाके काढल्यावर वस्ताद एकटेच माझ्या खोलीत आले. एवढा मोठा माणूस, पण स्टुलावर बसतानाही त्यांनी परवानगी विचारली. म्हणाले, “भाऊ, मी कधी घेतली नाई. मले खरं सांगजा, हे तुमची मशीन चुकते का?”

मी म्हणालो, “मशीन चुकत नाही, वस्ताद.”

ते खरंच होतं, मशीन चुकलेली नव्हतीच. त्या क्षणी मला एवढंच म्हणायचं होतं की हे मी लिहिलं, तुम्हाला न विचारता लिहिलं. पण समोर सर्जनांची सही होती, नागपूरचा शिक्का होता, आणि माझी नोकरी होती. शिवाय ते खोटं बोलत असतील अशी मला पक्की आशाही होती. वस्तादांनी दुर्बिणीकडे एकदोनदा पाहिलं. मग नमस्कार करून निघून गेले.

पुढचं मी ऐकलं ते असं. ते तालमीत गेले, उंबऱ्याबाहेर उभे राहिले आणि सगळ्यांत जुन्या पठ्ठ्याला त्यांनी आपल्यासमोर उभं केलं. त्याच्या नाकासमोर स्वतः तोंड उघडून श्वास सोडला. तो रडायला लागला, वास नाही म्हणाला, पाया पडला, आत चला म्हणाला. वस्तादांनी त्याला सांगितलं की कागदावर आलं आहे, आता मातीला हात नाही. आणि ते घरी गेले. त्यानंतर त्यांनी तालमीत पाऊल टाकलं नाही. गावानं दोन्ही बाजूंनी जीभ चालवली. काही म्हणाले, बघा, नियम म्हणजे नियम. काही म्हणाले, चोर सापडला. मी कुणाच्याच बोलण्यात पडलो नाही. रस्त्यात वस्ताद दिसले की मी दुसऱ्या बाजूनं जायचो.

अशी तीन वर्षं गेली. मग आमच्याकडे जुबेदाबी आल्या, बांगड्यांच्या व्यापाऱ्याच्या घरच्या, चाळिशीच्या, अंगानं भरपूर, लघवीत साखर. खडे तेच, ऑपरेशन तेच, पिवळं लिव्हर तेच. मी काच केली आणि दुर्बिणीला डोळा लावला. तीच भोकं, तेच निळे ठिपके. फॉर्म समोर होता. या बाईपुढे मी काय लिहिणार? इतक्या वर्षांनी पहिल्यांदा मी फॉर्म घेऊन वॉर्डात गेलो आणि विचारलं. त्यांनी तोबा तोबा म्हणत तोंडावर पदर घेतला आणि मग पोट दुखेपर्यंत हसल्या. टाके होते, त्यामुळे हसताना कळवळतही होत्या. मी रकान्यात ‘नाही’ लिहिलं.

नागपूरचा रिपोर्ट आला, ‘कारण स्पष्ट नाही. अतिस्थूल आणि मधुमेही रुग्णांत दारूशिवायही असे चित्र क्वचित आढळते.’

मी कपाटातून वस्तादांची काच काढली आणि दोन्ही काचा आळीपाळीनं दुर्बिणीखाली धरल्या. शेवटी कोणती कुणाची हे मलाच चिठ्ठी वाचून पाहावं लागलं. म्हणजे नागपूरच्या डॉक्टरांनी काच वाचली होती, पण तिचा अर्थ त्यांनी माझ्या अक्षरावरून लावला होता. त्या दिवशी मी जेवलो नाही. बायकोला वाटलं, मला ताप आला.

हे असं का होतं ते मला खूप पुढे, निवृत्तीच्या सुमारास, एका तरुण डॉक्टरनं समजावून सांगितलं. लिव्हरमध्ये काही पहारेकरी पेशी कायमच्या वस्तीला असतात. आतड्यातून येणारे जंतू गिळणं हे त्यांचं काम. लिव्हरच्या पेशीत चरबी ठासून भरली, मग ती दारूनं भरो की तूपसाखरेनं, की ती पेशी आजारी पडते, फुटते, आतला माल बाहेर सांडतो. पहारेकऱ्यांना वाटतं, शत्रू शिरला. ते रक्तातून आणखी कुमक बोलावतात, आणि सगळे मिळून जे दिसेल त्यावर तुटून पडतात. त्यात शेजारच्या धडधाकट पेशीही मरतात. मेल्या तिथे व्रण होतो, व्रणावर व्रण होऊन लिव्हर आकसतं. शत्रू मुळात आलेलाच नसतो. मी त्या डॉक्टरला म्हणालो, हे तुम्ही वीस वर्षं आधी का नाही सांगितलंत? तो बिचारा तेव्हा शाळेतही नसेल.

मी वस्तादांची काच पुन्हा नागपूरला पाठवली. नव्या फॉर्मवर स्पष्ट लिहिलं की पूर्वीची माहिती माझ्या चुकीनं दिली गेली, रोगी दारू घेत नाही. सर्जनांना विचारलं नाही. विचारलं असतं तर त्यांनी पाठवू दिलं नसतं. दीड महिन्यानं उत्तर आलं, जुबेदाबींच्या रिपोर्टमधलीच वाक्यं. कागद खिशात घालून मी त्याच संध्याकाळी वस्तादांच्या घरी गेलो. वाटेत मी स्वतःवर जरा खूशही होतो. माणसाची अब्रू परत करायला निघालो होतो ना.

दार उघडंच होतं. वस्ताद खाटेवर होते. पोटात पाणी झालं होतं, हातपाय मात्र काटकुळे. तो दंड मी पूर्वी पाहिलेला होता, त्यामुळे मला पाहवेना. चुलीवर त्यांनी स्वतःच काहीतरी शिजायला ठेवलं होतं. वहिनी कुठे आहेत, असं मी विचारलं. पिंपळगाव राजाला, माहेरी आहे, असं ते म्हणाले. मग मी कागद काढला, मराठीत करून वाचून दाखवला, आणि एका दमात सगळं सांगून टाकलं. रकाना, काच, मी न विचारता लिहिलेलं, सगळं.

मला वाटलं होतं ते चिडतील. शिव्या देतील, निदान मान तरी ताठ करतील. ते उठून बसायला धडपडले आणि त्यांचा चेहरा असा झाला की मी घाबरलो.

“मंग दुधात कोनी काईच टाकत नव्हतं?” त्यांनी विचारलं.

मला काही कळेना. मग त्यांनी थांबत थांबत सांगितलं. कागद खोटा नाही, मशीन चुकत नाही, असं मी सांगितलं होतं. आपण कधी प्यालो नाही हेही त्यांना पक्कं ठाऊक होतं. मग दारू पोटात गेली कुठून? त्यांनी रात्रंदिवस विचार केला. बाहेरचं ते खात नव्हते. दूध रोज कौसल्याबाईच्या हातचं. तिचा भाऊ औषधी काढे विकायचा, त्यात स्पिरिट असतं असं कुणीतरी म्हणालं होतं. आणि सगळं गाव आपल्याला पिणारा म्हणत असताना ही एकटीच इतक्या खात्रीनं नाही का म्हणते? हिला कसं माहीत? म्हणजे हिनंच काहीतरी केलं असणार. असं मनात यायला लागलं आणि मग जाईचना. तिच्या हातचं जेवण त्यांनी सोडलं. वर्षभर तिनं सोसलं. शेवटी एक दिवस त्यांनी तिला तोंडावर विचारलं की माझ्या दुधात काय टाकत होतीस. तिनं लुगड्यांचं गाठोडं बांधलं आणि दुपारच्या गाडीनं गेली.

हे सगळं सांगून झाल्यावर ते म्हणाले, “तिले जाऊन वाचून दाखवा भाऊ. आन म्हना, मी म्हनलं, ये.”

मी हो म्हणालो. कुठल्याही गोष्टीला हो म्हणायला मी तेव्हा तयार होतो.

दुसऱ्या दिवशी रजा टाकून मी बोथ्याच्या घाटानं खामगावला उतरलो आणि तिथून पिंपळगाव राजाची गाडी धरली. कौसल्याबाई अंगणात तुरी पाखडत होत्या. मला ओळखलं, बसायला पोतं दिलं, पाणी दिलं. मी कागद वाचला. त्यांचे हात चालूच होते. मग त्यांनी विचारलं की पहिल्या कागदावर दारू कुणी लिहिली होती. मी म्हणालो, मी. त्यांनी सूप खाली ठेवलं.

“तुमी त्यायले वळखत नव्हते,” त्या म्हणाल्या. “तुमचं मी काय मनावर घेऊ? पन मी तेवीस वर्ष त्यायच्या घरात होती. माह्यासाठी त्यायले कागद लागला.”

त्यांनी पुन्हा सूप उचललं. त्या एवढ्या शांत होत्या की मला तिथं बसवेना. आता यांच्यापुढे ‘ये’ कसं म्हणायचं? म्हटलं तर त्या काय म्हणतील? नको म्हणतील, आणि ते नको मला वस्तादांपर्यंत न्यावं लागेल. मी उठलो. गाडीची वेळ झाली म्हणालो. निरोप दिलाच नाही.

बुलढाण्याला उतरलो तो थेट वस्तादांकडे गेलो. काय म्हणाली, असं त्यांनी विचारलं. खाटेवरचं ते पोट, त्या दोन डोळ्यांत आणलेला जीव, सगळं माझ्याकडे लागलेलं. मी म्हणालो, “येते म्हणाल्या.”

कधी, ते त्यांनी विचारलं नाही. शेजाऱ्याकडून त्यांनी खाट दारात ओढून घेतली, रस्ता दिसेल अशी. घर सारवून घेतलं. येईल त्याला सांगायचे, ती येऊन राह्यली, म्हणजे येतेच आहे. तालमीतले जुने पठ्ठे आले, त्यांनाही तेच सांगितलं. नव्या कागदाबद्दल मात्र त्यांनी कुणाला सांगितलं नाही. मी सांगायला निघालो तर हातानं थांबवलं. मातीत परत जायचं आता त्यांच्या मनातही नव्हतं. मी रोज ठरवायचो की रविवारी पुन्हा पिंपळगावला जाईन आणि निरोप देऊन येईन. पहिल्या रविवारी आमच्याकडे पाहुणे आले. दुसरा रविवार यायच्या आधी, नवव्या दिवशी, वस्ताद गेले. शेजारी म्हणाला की सकाळची गाडी येऊन गेली तेव्हा ते जागे होते, दुपारच्या गाडीच्या वेळी नव्हते.

कौसल्याबाई मातीला पोचू शकल्या नाहीत, संध्याकाळी आल्या. मी तिथंच होतो. बायकांनी त्यांना दारातली खाट दाखवली, वस्ताद काय काय म्हणत होते ते सांगितलं. थोड्या वेळानं त्या माझ्याकडे आल्या. वस्ताद त्यांची वाट पाहत होते हे खरं का, असं त्यांनी विचारलं. मी म्हणालो, खरं. ‘मी येते’ असं वस्तादांना कुणी सांगितलं, हेही त्यांनी विचारलं. मी म्हणालो, मी. आणि वस्तादांनी त्यांना बोलावलं होतं का? मी म्हणालो, हो, ‘ये’ म्हणून सांगितलं होतं. मला वाटलं तुम्ही येणार नाही.

“मी नाई म्हनलं होतं का तुमाले?” त्या म्हणाल्या. “तुमी इचारलंच नाई. मी त्याच गाडीत बसली असती.”

त्या आत गेल्या. दारातली खाट त्यांनी एकटीनं उचलली, भिंतीला उभी केली, आणि जिथं ती होती तिथं जमिनीवर बसून रस्त्याकडे पाहत राहिल्या.